गाडी आली, शेड झाली. घरचा कचरा वेगळा कसा होणार आणि रोजचा खर्च कोण भागवणार?

प्रश्न बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका ग्रामपंचायत सदस्या ताईंचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या पंचायतीत साधारण दीड हजार घरं. कचऱ्याची गाडी मिळाली, शेड बांधून झाली, घरोघरी दोन-दोन बादल्याही वाटल्या. लोकांनी बादल्या पाण्याला आणि धान्याला लावल्या. गाडीत सगळा कचरा एकत्रच येतो. महिन्याची वर्गणी द्यायला लोक तयार नाहीत. जनजागृतीसाठी बॅनर लावले, प्रभातफेरी काढली, दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात निधी नाही. आता दंड लावावा का? सुरुवात कुठून करावी?"

ताई, दंडाचं शेवटी बघू. आधी पैशाचं बोलू, कारण तुमच्या बाकीच्या अडचणींचं मूळ तिथं आहे. कचऱ्यासाठी आपल्याकडे वस्तूंचा पैसा सहज येतो, माणसांचा येत नाही. गाडी, शेड, बादल्या, बॅनर हे सगळं एकदा खरेदी करायचं आणि फोटो काढून वर पाठवायचं. पण कचरा वेगळा होतो तो रोज सकाळी कुणीतरी दारात उभं राहून सांगतं, बघतं, चुकलं तर परत करतं म्हणून. त्या माणसाच्या मजुरीची ओळ तुमच्या अंदाजपत्रकात आहे का, हे आज पंचायतीत जाऊन बघा. बहुतेक नसेल. जनजागृती ही कार्यक्रमाची बाब धरली की ती कार्यक्रमापुरतीच टिकते. मी गेली अनेक वर्षं पंचायतींबरोबर हेच काम करतो आहे आणि जिथं जिथं वर्गीकरण टिकलं, तिथं ती मजुरीची ओळ होतीच.

एक इशारा आधीच देतो. आपण सीमाभागातले लोक मराठीत माहिती शोधतो तेव्हा समोर येते ती महाराष्ट्राची: माझी वसुंधरा, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, ग्रामसेवकाचे अधिकार, जिल्हा परिषदेचं परिपत्रक. सीमेवरच्या शिनोळीपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या पाहुण्यांना ते लागू आहे, आपल्याला नाही. आपली पंचायत 1993 च्या कर्नाटक पंचायत राज कायद्याने चालते. आपल्याकडे पीडीओ आहे, तालुका पंचायत आहे, जिल्हा पंचायतीचे सीईओ आहेत. गावातल्या कचरा केंद्राला सरकारी कागदावर 'स्वच्छ संकीर्ण' म्हणतात, गाडीला 'स्वच्छ वाहिनी'. ही नावं पाठ असू द्या. अर्जात तीच लिहिली की फाईल योग्य टेबलावर जाते. महाराष्ट्राच्या योजनेचा कागद घेऊन तालुका पंचायतीत गेलेले सदस्य रिकाम्या हाताने परत येताना मी पाहिले आहेत, आणि मग "मराठी गावांना मुद्दाम देत नाहीत" अशी समजूत होते. काही वेळा तक्रारीत तथ्य असेल, पण अर्ज चुकीच्या योजनेचा असेल तर ते सिद्धही करता येत नाही.

आता पैसा कुठून येतो ते बघू.

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 60 रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी 45 रुपये असा हिशेब होता. त्यातला 30 टक्के वाटा पंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा. सात हजार लोकसंख्येच्या गावाला हे 3 लाख 15 हजार होतात, तेही एकदाच. गाडी, बादल्या, गांडूळखताच्या टाक्या यांत ते संपतात. प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्या युनिटला तालुक्यामागे 16 लाखांपर्यंतची तरतूद वेगळी होती. म्हणजे गठ्ठे बांधायचं मशीन प्रत्येक गावाने घ्यावं अशी कल्पनाच नव्हती. चार-सहा पंचायतींनी मिळून माल एका ठिकाणी न्यायचा होता. उडुपी जिल्ह्यातल्या निट्टे इथं असं केंद्र उभं राहिलं आणि आजूबाजूच्या कितीतरी पंचायतींचा सुका कचरा तिथं जाऊ लागला. आपल्याकडे शेजारच्या पंचायतीशी शिवेचा वाद असतो म्हणून हे होत नाही, पण करायला हवं. एका गावाचा सुका माल व्यापाऱ्याला परवडत नाही. पाच गावांचा असेल तर तो स्वतः टेंपो पाठवतो.

दुसरा स्रोत वित्त आयोग. पंधराव्या आयोगाच्या 2021-26 या काळात पंचायतींच्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम बांधील होती: 30 टक्के स्वच्छतेसाठी, 30 टक्के पाण्यासाठी. राहिलेले 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होते, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. "निधी नाही" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा: स्वच्छतेच्या 30 टक्क्यांतले पैसे कशावर पडले? बऱ्याच गावांत उत्तर 'गटार' असं येतं. गटारही स्वच्छताच आहे, ते चूक नाही, पण सगळेच पैसे गटारात गेले तर कचऱ्याला उरत नाही. आता नव्या आयोगाचा काळ सुरू होतो आहे, तेव्हा त्याच्या अनुदानाचे आदेश ऐकीव माहितीवर न घेता पीडीओंकडून मागून स्वतः वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोरीला शेजारी बसवा. तिला येतं.

तिसरा स्रोत म्हणजे गावाचा स्वतःचा पैसा: घरपट्टी आणि कचऱ्याची वर्गणी. हा सगळ्यात लहान असतो, पण मी सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर ठेवतो, कारण याला कुणाच्या हप्त्याची वाट बघावी लागत नाही.

शहराचं गणित वेगळं आहे, त्यावर थोडक्यात. शहरी स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्याच्या कामांना केंद्राचा वाटा एक लाखाखालच्या गावांना, म्हणजे निपाणी, खानापूर यांना, 50 टक्के आणि एक ते दहा लाखांच्या शहरांना, म्हणजे बेळगावला, 33 टक्के असा ठरला. तोही प्रकल्पाच्या खर्चातला, रोजच्या झाडलोटीचा नाही. त्यामुळे शहरातही दारात उभं राहणाऱ्या माणसाची अडचण तीच आहे.

तुमच्या दीड हजार घरांचा महिन्याचा हिशेब मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. चालक आणि दोन मदतनीस यांचे मिळून 42 हजार. इंधन, दुरुस्ती, विमा यांचे सरासरी 10 हजार. हातमोजे, साबण, गोण्या 3 हजार. झाले 55 हजार. घरामागे 30 रुपये धरले आणि सगळ्यांनी दिले तर 45 हजार येतील, पण पहिल्या वर्षी शंभरातली साठ घरं देतील असं धरा: 27 हजार. दुकानं, चहाच्या टपऱ्या, खानावळी यांचे 4 हजार. सुका कचरा घरामागे महिन्याला चार किलो धरला तर सहा टन. त्यातला एक तृतीयांश विकण्याजोगा, सरासरी सहा रुपये किलोने 12 हजार. एकूण आवक 43 हजार. तूट 12 हजारांची, वर्षाची 1 लाख 44 हजार. ही तूट स्वच्छतेच्या बांधील अनुदानातून भागते, भागायलाच हवी.

आता हाच हिशेब कचरा एकत्र येत असताना करा. ओल्यात भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही. भाजीच्या पाण्यात लडबडलेल्या पिशव्यांना गिऱ्हाईक नाही. 12 हजारांचे दोन हजार होतात. वर्गणी देणारेही कमी होतात, कारण गाडी शेडसमोर नुसता ढीग ओतते आणि तो ढीग सगळं गाव बघतं. तूट दुपटीवर जाते. म्हणजे दारात उभं राहणाऱ्या बाईची मजुरी हा वाढीव खर्च धरू नका. ती तूट कमी करते, आणि पीडीओंना, तालुका पंचायतीला पटवताना हाच हिशेब कागदावर मांडून न्या. भावनेपेक्षा तो लवकर कळतो.

त्या मजुरीचा आकडाही मांडतो. चार बायका, रोज तीन तास, दिवसाला 300 रुपये, महिन्याला 26 दिवस, तीन महिने: 93 हजार 600. प्रत्येकीकडे 375 घरं येतात. दिवसाला 25 घरं केली तर पंधरा दिवसांत एक फेरी, तीन महिन्यांत प्रत्येक घराला पाच भेटी. एकदा सांगून काही होत नाही, पाच वेळा सांगून होतं. तीन महिन्यांनंतर एकच बाई ठेवा, महिन्यातले तेरा दिवस, 3,900 रुपये. ती कायमची. भाडेकरू बदलतात, नव्या सुना येतात, नवी घरं उठतात.

या बायका कोण? आशा आणि अंगणवाडी ताईंवर हे लादू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. कर्नाटकात संजीवनी महिला संघांच्या पंचायत पातळीवरच्या ओक्कूटाबरोबर, म्हणजे महासंघाबरोबर, करार करून कचऱ्याचं काम त्यांच्याकडे देण्याची व्यवस्था आहे, स्वच्छ वाहिनी चालवायचं प्रशिक्षणही बायकांना दिलं जातं. तुमच्या पंचायतीने करार केला आहे का ते बघा. केला असेल तर त्यात मजुरी कुठल्या तारखेला द्यायची हे लिहिलं आहे का, तेही बघा. तीन-तीन महिने मजुरी थकली की चांगल्या बायका सोडून जातात आणि मग सगळं मुळापासून. आणि गावात आधीपासून भंगार गोळा करणारी जी घरं आहेत त्यांना विसरू नका. नवी गाडी आली की पहिला घाव त्यांच्या पोटावर बसतो. त्यांना वर्गीकरणाच्या टेबलावर घ्या. प्लास्टिकचा तुकडा दोन बोटांत चुरगाळून, आवाजावरून तो कुठल्या जातीचा हे सांगणारी माणसं आहेत ती. असं ज्ञान कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हेच केलं: दारात कचरा घेणारी तीच, वर्गणी घेणारीही तीच. पैसे कुणाला जातात हे दिसलं की लोक देतात.

आता लोकांना सांगायचं काय आणि कसं.

बायका बाहेर पडण्याआधी गाडी दुरुस्त करा. तुमच्या गाडीच्या मागच्या हौद्यात मधे पत्र्याची आडभिंत आहे का? नसेल तर उद्याच वेल्डरकडे न्या. मी दारोदार फिरलो तेव्हा सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच: "मी वेगळं ठेवते हो, पण तुमचा माणूस गाडीत एकत्रच टाकतो." ती खरं बोलते. बाईने एकदा आपल्या डोळ्यांनी वेगळ्या केलेल्या दोन बादल्या एकाच हौद्यात उपड्या होताना बघितल्या की पुढचं वर्षभर तिला काही सांगू नका. ती ऐकणार नाही आणि तिने ऐकूही नये. आधी गाडी, मग शेड, मग लोक. हा क्रम उलटा झाल्यामुळे या जिल्ह्यात कितीतरी मोहिमा पडल्या आहेत.

दुसरं, तुमच्या पंचायतीत दोन गावं आहेत. जुन्या गावठाणात परसू आहे, गोठा आहे, उकिरडा आहे. तिथलं उष्टं-खरकटं म्हशीच्या घमेल्यात जातं, भाजीचं डेखळं शेणावर पडतं आणि वर्षाने शेतात जातं. ही माणसं ओला कचरा कधीच बाहेर टाकत नाहीत. त्यांना "ओला कचरा वेगळा करा" असं शिकवायला जाणं म्हणजे त्यांचा वेळ घालवणं. तिथं ओल्याची गाडी पाठवूच नका. आठवड्यातून दोनदा फक्त सुका उचला. दुसरं गाव म्हणजे नवे प्लॉट, लेआऊट, भाड्याच्या खोल्या. शहराला लागलेल्या हिंडलगा, कंग्राळीसारख्या गावांत हा भाग झपाट्याने वाढला. तिथं परसू नाही, घरातली दोन्ही माणसं कामाला, ओला कचरा टाकायला जागाच नाही. तिथं ओला रोज उचलावा लागतो. गाडीचा आठवडा असा विभागला की इंधन वाचतं, मदतनिसांची दमछाक वाचते आणि तूट आणखी खाली येते. सगळ्या गावाला एकच वेळापत्रक लावण्यात जितका पैसा वाया जातो तितका क्वचितच कशात जात असेल.

वेळही बघा. उद्यमबागच्या कारखान्यांत, शहरात कामाला जाणारी माणसं आठाच्या आत घर सोडतात. साडेनवाला येणारी गाडी त्यांच्या दारासमोर कुलूप बघून जाते, आणि संध्याकाळी पिशवी नाल्यात पडते. लेआऊटमध्ये साडेसहा ते आठ, गावठाणात नंतर. आणि मोहीम सुगीत काढू नका. भातकापणी, मळणी चालू असताना घरात म्हातारं माणूस आणि पोरं, बस. सुगी आटोपली की जानेवारीत सुरू करा, पावसाआधी चार-पाच महिने मिळतात. आपल्या पश्चिम भागातल्या पावसात सुका कचरा सुका राहत नाही, कागदाचा लगदा होतो. जूनपर्यंत लोकांच्या हाताला वळण लागलं पाहिजे आणि शेडच्या बाजूंना पत्रे लागलेले पाहिजेत.

दारात उभं राहून बायकांनी भाषण करायचं नाही. त्याच घरची बादली उपडी करायची, जुन्या पोत्यावर, सगळ्यांसमोर. आणि तीन गोष्टी दाखवायच्या. पहिली दुधाची पिशवी. कोपरा कापताना तो तुकडा सुटू द्यायचा नाही, लोंबता ठेवायचा. पिशवी विसळायची आणि भिंतीला चिमट्याने वाळत घालायची. का, तेही सांगायचं: न विसळलेल्या शंभर पिशव्या एका गोणीत चार दिवस राहिल्या की फाटलेल्या दुधाचा वास येतो, अळ्या पडतात, आणि ती गोणी उघडणारी बाई आपल्याच गावची असते. मी शेडमध्ये त्या गोणीसमोर उभा राहिलो आहे. हातमोज्यातूनही तो चिकटपणा कळतो. एखाद्या मंगळवारी लेआऊटमधल्या पाच बायकांना शेडमध्ये न्या आणि टेबलापाशी दहा मिनिटं उभं करा. त्या दहा मिनिटांचं काम दहा बॅनर करत नाहीत.

दुसरी गोष्ट पॅड आणि डायपर. वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेनने फुली मारायची आणि वेगळं द्यायचं. हे बायकाच बायकांना सांगू शकतात, म्हणून मोहिमेत बायका हव्यात. 2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. 2026 च्या नव्या नियमांनी चार केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे औषधं, बल्ब, रंगाचे डबे वगैरे. चार बादल्या मात्र वाटू नका. दोन बादल्या, एक कागदात गुंडाळलेली पुडी आणि घरात कुठेतरी टांगलेली एक पिशवी, महिन्यातून एकदा द्यायची. एवढ्यात भागतं.

तिसरी गोष्ट चकचकीत वेष्टनं: चिप्स, गुटखा, शाम्पूच्या पुड्या. यांना भंगारवाला हात लावत नाही. लोकांना खोटं सांगू नका की यापासून काहीतरी नवीन बनतं. यांचे गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून पाठवायचे असतात आणि त्यात पंचायतीला उत्पन्न नाही, वाहतुकीचा खर्चच आहे. तरीही ती वेगळी घ्यायची, कारण नाहीतर चुलीत जातात. पाणी तापवायच्या बंबाखाली प्लास्टिक जाळणारी घरं आपल्याकडे अजून आहेत, त्या धुरात रोज सकाळी पोरं शाळेची तयारी करतात. हे मात्र दारात जरा जोर देऊनच सांगावं.

आणि शिवाराचं सांगा. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठची वडगाव, शहापूरची शेतं ज्यांनी पावसानंतर पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. नाला तुंबतो, पाणी पसरतं, आणि ते ओसरतं तेव्हा बासमतीच्या वाफ्यात पिशव्या अडकलेल्या असतात. वरच्या गल्लीने टाकलेलं खालच्या शेतकऱ्याच्या रोपावर येतं. तुमच्या गावाचा ओढाही शेवटी मार्कंडेयला किंवा कुणाच्या तरी शेतालाच मिळतो. शेतकरी घराला हे एका वाक्यात कळतं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगणं भाग आहे. वरून येणारे बॅनर, गाडीवरची ध्वनिफीत कन्नडमध्ये असते. जुन्या गावठाणातल्या साठीच्या बाईला ते वाचता येत नाही, आणि कचरा घराबाहेर काढते तीच. ठरावात लिहून घ्या की पत्रक कन्नड आणि मराठी दोन्हीत, मोठ्या अक्षरात, जास्तीत जास्त चित्रांत. पंचायतीच्या खर्चाने मराठी छापायला अडचण आली तर वाद घालत मोहीम अडवू नका. महिला संघाने, युवक मंडळाने स्वतःच्या नावाने छापावं. लेआऊटमध्ये कन्नड, उर्दू, हिंदी बोलणारी घरंही आहेत, तिथं त्या भाषेतली बाई पाठवा. कचऱ्याच्या बाबतीत ज्याला जी भाषा घरात लागते ती त्याला मिळाली पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

शाळेत घोषणा पाठ करून घेऊ नका. वजनकाटा द्या. सहावी-सातवीच्या मुलांनी आठवडाभर आपल्या घरचा सुका कचरा मोजून वहीत लिहावा, शनिवारी फळ्यावर बेरीज करावी. अरिवु केंद्र, म्हणजे पंचायतीचं वाचनालय, चालू असेल तर तिथंही हे होतं. मूल घरी जाऊन आईला सांगतं, आणि बापालाही, ज्याला सांगायची हिंमत आपल्या बायकांना होत नाही.

सणावारांकडे खास लक्ष द्या. वर्षभराची शिस्त एका जत्रेत विस्कटते. पारायणाचा महाप्रसाद, गावजत्रेतली पाहुण्यांची पंगत, लग्नाचं जेवण इथं प्लास्टिकचा थर असलेली ताटं आणि ग्लास हजारांनी पडतात. महिला संघाने पाचशे स्टीलची ताटं-पेले घेऊन नाममात्र भाड्याने द्यायला सुरुवात करावी. घासणाऱ्या बायकांना मजुरी मिळते, संघाला उत्पन्न. त्यासाठी कर्ज न काढता वर्गणीतून, जत्रेच्या कमिटीकडून आणि गावातल्या चार दात्यांकडून पैसे उभे राहतात. ताटावर दात्याचं नाव घाला, आपल्या लोकांना ते आवडतं. पारायणाच्या शेवटच्या दिवशी कीर्तनकार बुवांना आधीच भेटून पाच मिनिटं मागा. गाडगेबाबांनी दिवसा झाडू आणि रात्री कीर्तन हा मार्ग घालून दिला, तो आपल्या वारकरी गावांना परका नाही. पीडीओंच्या तासाभराच्या भाषणापेक्षा बुवांची पाच मिनिटं घरात जास्त दिवस टिकतात.

वर्गणी मागण्याची वेळ दुसऱ्या महिन्याच्या शेवटी येते, आधी नाही. आधी सेवा दिसू द्या. ग्रामसभेत दर ठरवा, उपविधी मंजूर करून घ्या, पावती प्रत्येकाला द्या. विधवा, एकट्या म्हाताऱ्या माणसांना माफी असावी, आणि ती नावं ग्रामसभेने ठरवावीत, सदस्यांनी नाही. आणि शेडच्या भिंतीवर काळा फळा रंगवून दर महिन्याला तीन ओळी लिहा: वर्गणी किती आली, माल विकून किती आले, मजुरी किती गेली. जमाबंदीच्या दिवशी, म्हणजे पंचायतीचे हिशेब लोकांपुढे तपासतात त्या दिवशी, हेच आकडे वाचून दाखवा. लोक 30 रुपयांसाठी चिडत नाहीत, ते 30 रुपये कुठं गेले हे कळत नाही म्हणून चिडतात.

राहिला दंड. घरांना पहिले सहा महिने दंड नको. मिसळलेली बादली गाडीने उचलायची नाही, तिथंच ठेवायची, आणि त्याच दुपारी आपल्या बाईने त्या घरी जायचं. न उचललेली बादली दारात राहिल्याची लाज दंडापेक्षा जास्त काम करते, पण दुपारची भेट चुकली तर ती पिशवी रात्री ओढ्यात जाते. दोन्ही एकत्रच करायचं. दंड लावायचाच तर पहिल्या दिवसापासून लावा मंगल कार्यालयांना, चिकन-मटणाच्या दुकानांना आणि ढाब्यांना. रस्त्याकडेला पिसं आणि आतडी टाकणारा एक दुकानदार शंभर घरांच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. त्यांचा दर वेगळा ठेवा, घरासारखा 30 नाही. कार्यालयाला लग्नामागे आकारा, दुकानाला वजनाप्रमाणे, आणि परवान्याच्या नूतनीकरणाला कचऱ्याची पावती जोडायची अट घाला. हा ठराव गावातल्या वजनदार लोकांच्या विरोधात जाईल, म्हणून तो एकट्याने मांडू नका. ज्या बायका शेडमध्ये जाऊन आल्या आहेत त्यांना त्या दिवशी ग्रामसभेला पुढच्या रांगेत बसवा आणि ठराव त्यांच्यातल्याच एकीला वाचायला द्या.